गेन्शिनमध्ये पहिलं कोणाला वाढवलं आणि काऊन

गेन्शिन इम्पॅक्ट खेळणाऱ्या प्रत्येकासमोर हा प्रश्न येतोच, की बॅगेत पुस्तकं जमली, थोडा मोरा, म्हणजे गेममधला पैसा, जमला, आता हे सगळं घालायचं कोणावर. मी हिंगणघाटपासून आत एका खेड्यात राहतो, शेती करतो, फोनवर खेळतो, गेममध्ये पैसे टाकत नाही, आणि खेळायला वेळ मिळतो तो बहुतेक रात्रीच, रब्बीत हरभऱ्याच्या जागलीवर. रोही आणि रानडुकरं काही सुट्टी घेत नाहीत त्यामुळं जागल रोजचीच, आणि आमच्या वावरात नेटवर्क गावापेक्षा बरं येतं. यूट्यूबवर जे सांगतात ते बहुतेक कॉम्प्युटरवर खेळणाऱ्यांचं असतं, ते आपल्याला जसंच्या तसं बसत नाही. म्हणून मी वही घेऊन बसलो आणि हिशेब करून ठरवलं. तो हिशेब आणि पुढं काय काय झालं ते सगळं लिहून काढतो, आमच्या इकडचे बरेच पोट्टे आता हा गेम खेळून राहिले आणि भेटले की पहिलं हेच विचारतात.

ज्यांनी अजून खेळला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. 28 सप्टेंबर 2020 ला आलेला गेम आहे, टीममध्ये चार पात्रं असतात, लढताना एका वेळी एकच मैदानात आणि बाकी तिघांना बोट लावून बदलत राहायचं. प्रत्येकाचं एक तत्त्व, आग, पाणी, बर्फ, वीज, वारा वगैरे, आणि दोन तत्त्वं एकमेकांवर पडली की रिअॅक्शन होते. पात्राची लेव्हल एक्सपीच्या, म्हणजे अनुभवाच्या गुणांच्या, पुस्तकांनी 1 पासून 90 पर्यंत नेता येते. सगळ्यात मोठं पुस्तक हीरोज विट, त्यात 20,000 एक्सपी. आणि पुस्तक नुसतं घालता येत नाही, प्रत्येक हीरोज विटमागं 4,000 मोरा पण जातो. एकदा घातलं की परत मिळत नाही. हे शेवटचं वाक्य लक्षात ठेवा, माझा सगळा निर्णय त्याच्यावरच उभा आहे.

माझ्याकडं तेव्हा कोण कोण होतं ते सांगतो. ट्रॅव्हलर, म्हणजे गेमचं मुख्य पात्र, तर सगळ्यांकडं असतो. स्टोरीत फुकट मिळतात ते तिघं, अँबर, काया आणि लिसा. नवीन खेळणाऱ्यांच्या बॅनरमध्ये (बॅनर म्हणजे पात्रांची लॉटरी, विश म्हणजे तिची एक सोडत) पहिल्या दहा विशमध्ये नक्की मिळते ती नोएल. स्पायरल अॅबिसच्या तिसऱ्या मजल्याचा तिसरा चेंबर पार केला म्हणून शियांगलिंग. विशमधून आलेले बेनेट आणि सुक्रोज. आणि साध्या बॅनरमधून अचानक निघाली केचिंग, पाच ताऱ्यांची म्हणजे दुर्मीळ, विजेची तलवारवाली. खरी पंचाईत तिथूनच सुरू झाली.

भाचा वर्ध्याला शिकतो, तो हा गेम माझ्या आधीपासून खेळतो. त्याला फोटो पाठवला तर लगेच फोन. म्हणे, "मामा, पाच ताऱ्याची आली नं तुमाले, मंग इचार कायचा करता, सगळे पुस्तकं तिलेच घाला." गावात एक मित्र आहे, कृषी केंद्र चालवतो, दुपारी गिऱ्हाईक नसलं की खेळतो, त्याचं मत वेगळं. "भाऊ, तू नोएल घे. ढाल बी तिची अन् इलाज बी तिचाच. नेटवर्क गेलं, फोन अटकला तरी मरत नाही ते." दोघांचंही बोलणं मला खोटं वाटलं नाही, आजही वाटत नाही. पण दोघांना वाढवण्याइतकी पुस्तकं नव्हती.

पुस्तकं का नसतात तर रेझिनमुळं. गेममध्ये रेझिन म्हणून एक गोष्ट आहे, ती 8 मिनिटाला 1 भरते, जास्तीत जास्त 200 साठते (आधी 160 होती). म्हणजे पूर्ण दिवसात 180. ले लाइन (जगात उगवणारी बक्षिसाची फुलं) फोडून पुस्तकं किंवा मोरा घ्यायचा तर एका वेळेला 20 जाते, बॉस मारून त्याचा माल घ्यायचा तर 40. तुम्ही दिवसभर रिकामे बसा की वावरात राबा, 180 ची 181 होत नाही. हे मला एका अर्थी बरंच वाटतं, आपल्यासारख्या माणसाला रात्रीचा तासभर मिळाला तरी तो मागं पडत नाही, फक्त ती 180 कुठं घालायची ते पक्कं पाहिजे.

आता वहीतला हिशेब. कापूस वेचणीच्या वजनाची वही आहे, तिच्याच मागच्या पानांवर लिहून ठेवला. लेव्हल 1 ते 20 ला 1,20,175 एक्सपी. 20 ते 40 ला 5,78,325. 40 ते 50 ला 5,79,100, म्हणजे आधीच्या वीस लेव्हलला जेवढं लागलं तेवढंच आता दहाला. 50 ते 60 ला 8,54,125. 60 ते 70 ला 11,95,925. 70 ते 80 ला 16,11,875. आणि 80 ते 90 ला, बाप्पा, 34,23,125. सगळी बेरीज 83,62,650. शेवटच्या दहा लेव्हलच एकूण खर्चाचे 41 टक्के खातात.

हे आकडे एका ओळीत लिहिले ना तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख पडलं. एका पात्राला 80 वरून 90 ला न्यायला जेवढं लागतं तेवढ्यात दुसरं एक पात्र 1 वरून 60 ला जातं आणि तिसरं एक 1 वरून 50 ला जातं, आणि तरी थोडे एक्सपी हातात उरतात. बेरीज करून पाहा, 21,31,725 आणि 12,77,600 मिळून 34,09,325 होतात. तेव्हा "पहिलं कोणाला" याच्यासोबतच "कुठपर्यंत" हे पण ठरवायला पाहिजे, आणि हे दुसरं कोणी विचारतच नाही, सगळे नाव विचारतात आणि निघून जातात. विहिरीत पाणी मोजकं असलं की आपण आधी ठरवतो ना कोणत्या तुकड्याला किती पाळ्या, तसंच हे. एकाच तुकड्याला भिजवत बसलं तर बाकीचं वाळतं, आणि सगळीकडं थोडं थोडं शिंपडलं तर कुठंच उगवत नाही.

दुसरं असं की 1 ते 20 चा खर्च नगण्य आहे, सहा-सात हीरोज विटमध्ये काम होतं, एकूण खर्चाच्या दीड टक्काही नाही. म्हणून मी पहिलं हे केलं की जे चार जण विचारात होते, केचिंग, नोएल, शियांगलिंग, बेनेट, त्या चौघांनाही 20 वर नेलं आणि मग वापरून पाहिलं. माझं तर म्हणणं आहे की हे प्रत्येकानं करावं, दुसऱ्याचा व्हिडिओ पाहून आपली बोटं, आपला फोन, आपलं नेटवर्क कळत नाही. गेममधल्या मॉन्डस्टाट शहराच्या खाली दादाउपा घळ आहे, तिथं हिलिचर्लचे, म्हणजे साध्या राक्षसांचे, तीन तळ एकमेकाला लागून आहेत, तिथंच चौघांना एक एक करून नेलं. जागा तीच, शत्रू तेच, तलवारी-भाले साधे तीन ताऱ्यांचेच.

केचिंग दिसायला सुंदर आणि हात चलाख. खंजीर फेकायचा आणि परत बटन दाबलं की त्या जागी स्वतः प्रकट होते. पण तिला सारखं मैदानात राहावं लागतं, मारत राहावं लागतं, बोटं जलद लागतात. माझा फोन मधल्या किमतीचा, ग्राफिक्स सगळ्यात खाली ठेवून खेळतो, गर्दी झाली की फ्रेम अटकतात आणि ती जिथं जायला पाहिजे तिथं जात नाही. आणि मोठी गोष्ट म्हणजे अशा मारणाऱ्या पात्राचा जोर आर्टिफॅक्टवर (पात्राला घालायच्या जोर वाढवणाऱ्या वस्तूंवर) असतो, क्रिटिकल (अधूनमधून बसणारा जास्तीचा मार) चांगलं पाहिजे, आणि पाच ताऱ्यांचे आर्टिफॅक्ट डोमेनमध्ये (रेझिन घालून लढायच्या बंद जागेत) हमखास मिळायला ॲडव्हेंचर रँक, म्हणजे खेळणाऱ्याची स्वतःची लेव्हल, 45 लागतो. माझा रँक तेव्हा विशीत होता. म्हणजे तिच्यावर आज सगळी पुस्तकं घातली असती तरी तिचा खरा जोर कितीतरी महिन्यांनी दिसला असता.

नोएलबद्दल कृषी केंद्रवाल्या मित्राचं म्हणणं अगदी खरं निघालं. तिची ढाल 12 सेकंद टिकते, ढाल असताना मारलं की टीमचा जीव पण भरत राहतो, तलवार जड आहे पण खनिजाचे दगड फोडायला तिच्यासारखी दुसरी नाही. चारही जणांत सगळ्यात निवांत मी तिच्यासोबत खेळलो, मधात उठून बॅटरीचा झोत मारून वावर पाहून आलो तरी ती उभी होती. ज्याचा फोन आमच्यापेक्षाही कमी आहे त्याला मी डोळे मिटून नोएलच सांगतो. माझ्या वहीत ती दुसऱ्या नंबरवर राहिली ती एवढ्याच कारणानं की तिची ढाल आणि मार दोन्ही डिफेन्सवर चालतात, तिला वाढवलं तर ती स्वतः वाढते, टीममधल्या बाकी तिघांना त्याचा विशेष फायदा नाही. पुढं जाऊन दुसरं कोणी मुख्य मारणारं आलं की नोएल बाकावर बसते आणि तिच्यावर घातलेली पुस्तकं तिच्यासोबत बसतात.

शियांगलिंग ही स्वयंपाकीण आहे, लियुए नावाच्या प्रांतातल्या वानमिन हॉटेलात रांधते, सोबत ग्वोबा नावाचा छोटा अस्वलासारखा गडी, तो आग ओकतो. तिच्या वाढीला लागणारं पीक सुद्धा मिरचीच आहे, ज्युएयुन मिरची, ती लियुएमध्ये उगवते. भिवापूरची मिरची ज्यांनी खाल्ली आहे त्यांना ही पोरगी आवडणारच. तिचा बर्स्ट, म्हणजे एनर्जी भरल्यावरच सोडता येणारा मोठा वार, हा आगीचा फिरता भोवरा, एकदा सोडला की 10 सेकंद आपल्याभोवती फिरत राहतो, आपण दुसऱ्या पात्रावर बदललो तरी फिरतच राहतो. फोनवर खेळणाऱ्याला हे सोन्यासारखं आहे, बोटं जलद नसली तरी मार चालू राहतो. अडचण एकच, त्या बर्स्टला 80 एनर्जी लागते आणि ती एकटी एवढी भरत नाही.

आणि इथंच बेनेट येतो.

बेनेट चार ताऱ्यांचा, साधा पोरगा दिसतो, तलवार घेऊन. त्याचा बर्स्ट जमिनीवर एक गोल आखतो. त्या गोलात उभ्या असलेल्याचा जीव 70 टक्क्यांच्या खाली असला तर भरतो, वर असला तर त्याचा अटॅक वाढवतो. 60 एनर्जीत हे होतं, 12 सेकंद टिकतं, 15 सेकंदांनी परत करता येतं, म्हणजे जवळपास सतत. शिवाय त्याचा छोटा वार एवढ्या लवकर लवकर करता येतो की एनर्जी भरपूर निघते, आणि ती आगीची असल्यामुळं शियांगलिंगला पुरेपूर लागू पडते. दोन आगवाले टीममध्ये असले की सगळ्यांचा अटॅक 25 टक्के वाढतो ते वेगळंच. ह्या दोघांच्या जोडीनं मी दादाउपाचे तळ साफ केले तेव्हाच मन बसलं होतं, पण तरी नुसत्या मनावर जायचं नाही म्हणून वहीत परत लिहिलं.

वहीत मी दोनच प्रश्न लिहिले. आज माझ्याकडं जे आहे त्याच्यावर कोण चालतो? आणि उद्या दुसरं चांगलं पात्र आलं तर कोणावरची पुस्तकं फुकट जात नाहीत?

पहिल्याचं उत्तर बेनेट, कारण तो दुसऱ्याला जो अटॅक देतो तो त्याच्या बेस अटॅकवर मोजतात. बेस अटॅक म्हणजे त्याची लेव्हल आणि हातातली तलवार, बस. आर्टिफॅक्टमधला अटॅक त्यात धरतच नाहीत. म्हणजे रँक 45 ची वाट पाहायची गरज नाही, आज पुस्तक घातलं की आजच फरक. दुसऱ्याचं उत्तर पण बेनेटच, कारण उद्या केचिंगला वाढवलं तरी तिला अटॅक पाहिजे, परवा कोणी बर्फवाला आला तरी त्याला अटॅक पाहिजे आणि जीव भरणारा पाहिजे. टीममधली बाकी माणसं बदलतील, हा राहील. भाच्याला हे फोनवर समजावून सांगितलं तर थोडा वेळ काही बोलला नाही आणि मग म्हणे, "मामा, बराबर हाय तुमचं. माह्याकडं बी बेनेट हरेक टीममध्ये हाय." मी म्हटलं, मग आधी काऊन नाही सांगितलं बे! तर म्हणे, "पाच ताऱ्याची पाहून खुशी झाली नं मले."

तर ठरलं. आधी बेनेट, त्याच्या मागोमाग शियांगलिंग.

बेनेटला 20 वरून 40 ला नेणं सोपं होतं. पहिल्या असेन्शनला, म्हणजे लेव्हलची मर्यादा वाढवायला, बॉसचा माल लागतच नाही, थोडी फुलं, थोडा किरकोळ माल आणि 20,000 मोरा. त्याचं फूल म्हणजे विंडव्हील ॲस्टर, मॉन्डस्टाटमध्ये वाऱ्याच्या जागी उगवतं, तोडलं की 48 तासांनी परत येतं. माझी सवय अशी की आज लागत नसलं तरी जाता येता तोडून ठेवायचं, कारण पुढं 10, मग 20, मग 30 अशी मागणी वाढत जाते. मिरची पण तशीच तोडून ठेवली.

40 च्या पुढं मात्र बॉस आला. आणि इथं या जोडीची अजून एक चांगली गोष्ट, जी मला वही लिहितानाच सापडली होती, की बेनेट आणि शियांगलिंग दोघांनाही एकाच बॉसचं बी लागतं, एव्हरफ्लेम सीड. ते देते पायरो रेजिसवाइन, लियुएमधली आगीची राक्षसी वेल. म्हणजे एकाच जागी रेझिन घालायची आणि दोघांचं भागवायचं. दोघांची टॅलेंटची (वारांचा जोर वाढवायची) पुस्तकं वेगवेगळ्या डोमेनमध्ये मिळतात पण वार तेच, मंगळवार, शुक्रवार आणि रविवार. बाकी दिवस मोकळे राहतात ले लाइनसाठी. केचिंग घेतली असती तर बॉस वेगळा, वार वेगळे, सगळंच वेगळं.

पण ती वेल आगीची, आणि आपले दोघं पण आगीचेच, आगीवर आग फारशी चालत नाही. तिचा गड्डा फोडायला बर्फ किंवा पाणी लागतं. तेव्हा कामाला आला काया, स्टोरीत फुकट मिळालेला बर्फवाला. त्याला मी 40 पर्यंत नेलं, 35 हीरोज विट इतका खर्च होतो, आणि ते अजिबात वाया गेले नाहीत, कारण त्याच्या बर्फावर शियांगलिंगची आग पडली की मार दुप्पट होतो. भाच्याला को-ऑपमध्ये, म्हणजे सोबत खेळायला, बोलावलं, त्याच्याकडं शिंगचिउ, पाणीवाला. रात्रीची लाइन होती, मोटर चालू केली, स्प्रिंकलर फिरायला लागले, शेकोटीपाशी घोंगडं घेऊन बसलो आणि भाचा कानातल्या स्पीकरवर. "मामा, खाली आला पाहा गड्डा, बर्फ मारा बर्फ! मागं सरा, डोकं आपटते ते आता!" वेल आडवी झाली की शियांगलिंगचा भोवरा, कायाचे बर्फाचे खिळे, भाच्याच्या तलवारी, सगळं एकदम. पडली ती. फुलातून आपला माल घ्यायला ज्याची त्याची 40 रेझिन जाते. दुसऱ्या असेन्शनला 2 बिया लागतात, तिसऱ्याला 4, मग 8, मग 12, शेवटी 20, म्हणजे वर्षभर या वेलीची नि आपली भेट होत राहणार.

एक गोष्ट नवीन पोट्ट्यांना मी मुद्दाम सांगतो, पुस्तकं असली तरी वर जाता येत नाही, रँक पण लागतो. पहिल्या असेन्शनला रँक 15, दुसऱ्याला 25, तिसऱ्याला 30, चौथ्याला 35, मग 40 आणि शेवटच्याला 50. त्यामुळं रँक 27-28 वर बेनेट 50 ला जाऊन थांबला तो थांबलाच, आणि त्या मधल्या काळात सगळी पुस्तकं शियांगलिंगला दिली. अडून राहिल्याचा मला त्रास झाला नाही, उलट क्रम आपोआप लागला. रँक 25 आणि 35 ला एकेक परीक्षेचं डोमेन येतं, ते पार केलं की जगातले शत्रू पण जोरदार होतात, म्हणून परीक्षा द्यायच्या आधी किमान दोघं-तिघं 40 वर असू द्या. शत्रूची लेव्हल आपल्यापेक्षा वर गेली की आपला मार कमी कमी बसत जातो.

मोऱ्याचं पण बोललं पाहिजे कारण आमच्या इकडचे सगळे तिथंच अडकतात. एका पात्राला 1 ते 60 नेताना पुस्तकांवर 4,26,345 मोरा जातो आणि तीन असेन्शनचे 1,20,000, मिळून साडेपाच लाखाच्या जवळ. वर्ल्ड लेव्हल (जगातल्या शत्रूंच्या जोराची पायरी) 2 ला मोऱ्याची ले लाइन 28,000 देते. म्हणजे वीस ले लाइन, 400 रेझिन, दोन दिवसांहून जास्तीची कमाई नुसत्या मोऱ्यात. म्हणून मी पुस्तकांची आणि मोऱ्याची पाळी लावली होती, एक दिवस निळी, एक दिवस पिवळी. आर्टिफॅक्टच्या डोमेनमध्ये मी अजून एक रेझिन घातली नाही, रँक 45 व्हायची वाट पाहतो. पेट्यांमधून, वाटेत मिळतात तेच घालत राहिलो, चार ताऱ्यांचे, तीन ताऱ्यांचे, आणि बेनेटला तेवढं पुरतं.

60 वर पोचल्यावर परत वही काढली. आता पुढं 70, 80 न्यायचा का? 90 लेव्हलच्या बेनेटचा स्वतःचा बेस अटॅक 191 आहे. लोहाराकडं बनवून मिळणारी प्रोटोटाइप रँकर तलवार 90 ला नेली तर तिचा एकटीचा 565. म्हणजे त्याच्या मदतीचा तीन चतुर्थांश वाटा तलवारीचा आहे. आणि तलवारीला लागणारे खनिजाचे दगड रेझिनशिवाय मिळतात, फोडत राहायचं आणि लोहाराकडं गाळून घ्यायचे. वर टॅलेंटचा भाग आहे, बर्स्टची टॅलेंट लेव्हल 1 ला असताना तो बेस अटॅकच्या 56 टक्के देतो, 6 ला 78.4 आणि 10 ला 100.8. या दोन ठिकाणी खर्च केला तर पुस्तकांपेक्षा जास्त मिळतं. म्हणून त्याला 60 वर थांबवलं, पण रँक 35 झाल्या झाल्या चौथं असेन्शन करून घेतलं, 8 बिया, 30 फुलं, 80,000 मोरा देऊन. त्यात गंमत अशी की एक पण पुस्तक न घालता त्याचा दुसरा पॅसिव्ह (आपोआप चालणारा गुण) उघडतो, स्वतःच्या गोलात त्याचा छोटा वार निम्म्या वेळात परत तयार होतो. अजून जास्त एनर्जी, अजून लवकर भोवरा. शिवाय असेन्शनसोबत एनर्जी रिचार्ज पण वाढत जातो, शेवटापर्यंत 26.7 टक्के. हे 60 वरचं असेन्शन बरेच जण पुस्तकं जमेपर्यंत करतच नाहीत, तुम्ही मात्र करून घ्या.

मंगळवारचं टॅलेंट डोमेन आपल्याकडं रात्री दीड वाजता उघडतं, कारण एशिया सर्व्हरचा दिवस तिकडच्या पहाटे 4 ला बदलतो. दिवसा कामं करणाऱ्याला हे माहीत नसतं, तो सकाळपर्यंत वाट पाहतो. मी जागलीवर जागाच असतो, सोमवारी रात्री दीडला डोमेन करून घेतो आणि मग एक चक्कर धुऱ्यावरून मारतो.

आता माझी शियांगलिंग 70 ला आहे, बेनेट 60 ला, काया 50 च्या पुढं न्यायचा विचार नाही. चौथी जागा सुक्रोजला दिली आहे आणि सध्याची सगळी पुस्तकं तिच्याकडं चालली आहेत. तिचा हिशेब या तिघांपेक्षा वेगळा आहे, वारा जेव्हा दुसऱ्याचं तत्त्व पसरवतो तेव्हा तो मार तिच्या लेव्हलवर आणि एलिमेंटल मास्टरीवर (रिअॅक्शनच्या जोरावर) मोजतात, अटॅकवर नाही, म्हणजे तिच्या बाबतीत लेव्हलला खरंच किंमत आहे आणि तिला मी 80 च्या पुढं पण नेईन. तिच्या टॅलेंटची पुस्तकं सोमवार, गुरुवार, रविवार, त्यामुळं आठवड्यातले रिकामे वार पण भरले. केचिंग अजून 20 वरच आहे. तिची खनिजं, कोर लॅपिस, मी डोंगरातून जाता येता जमवून ठेवली आहेत, रँक 45 झाला आणि दोन-चार चांगले आर्टिफॅक्ट पडले की ती बेनेटच्या गोलात उभी राहणार, आणि तेव्हा भाच्याला को-ऑपमध्ये सगळ्यात आधी बोलावीन.